पणजी, वेळेवर

कोल्हापुरात "गोव्याला चाललोय" म्हटलं की समोरचा आधी डोळा मारतो आणि मग विचारतो, "किती जण?" आमच्याकडं गोवा म्हणजे चार मित्र, एक भाड्याची गाडी, पहाटेची निघानिघी आणि परत येताना चेकनाक्यावर धडधडणारं काळीज. "मी आणि आई" असं मी सांगितलं की मारलेला डोळा चटकन उघडायचा. "एस.टी.नं" हे पुढचं ऐकून तर लोक हळहळायचेच.

आईच्या अटी दोन होत्या. समुद्र रोज दिसला पाहिजे, आणि समुद्राच्या नावाखाली कुणी लुबाडता कामा नये. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. खर्चाची वही अजून ठेवते. त्या वहीत रकमेच्या पुढं एक जादा रकाना असतो, "टाळता आला असता" असा. आमच्या घरातले बरेच समारंभ त्या रकान्यात कायमचे जमा आहेत.

म्हणून कळंगुट-बागा सोडून आम्ही पणजी धरली. किनाऱ्यावरच्या गावांत सगळं पाहुण्यांसाठी मांडलेलं असतं आणि पाहुण्याच्या खिशाचा अंदाज घेऊन त्याचा भाव ठरतो. पणजी ही राजधानी. पोर्तुगिजांनी 1843 मध्ये तिला अधिकृत राजधानी केलं. तेव्हापासून इथं साहेब आहेत, आणि साहेब आहेत म्हणून कारकून आहेत. विधानसभा मांडवीपलीकडं पर्वरीला गेली, तरी पाटोच्या इमारतींत सरकारी खात्यांची दाटी आहेच. कारकुनाला दुपारी जेवायला लागतं, कॉलेजच्या पोरीला बस लागते, टेबलावरची फाइल हलेपर्यंत ताटकळणाऱ्याला चहा लागतो. ही माणसं वर्षाचे बारा महिने पर्यटकाचा भाव देऊ शकत नाहीत. त्यामुळं शहरात जवळपास प्रत्येक गोष्टीचा एक गावकऱ्यांचा भावही असतो. तो भाव मिळतो, पण ठरावीक वेळेला. ती वेळ चुकली की तुम्ही पुन्हा पाहुणे.

एस.टी.नं सुरुवात झकास करून दिली. 17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं आहे, तेव्हा आम्ही दोघी अर्ध्या तिकिटावर राधानगरी, दाजीपूर करत फोंडाघाट उतरलो. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती. बांद्याच्या पुढचे पैसे कंडक्टरनं पूर्ण लावले होते. आईनं तिकीट चष्म्याखाली धरून विचारलं, "म्हणजे गोव्यात शिरलं की आम्ही बायका राहत नाही होय?"

"मावशी, जीआरच तसा आहे," कंडक्टर म्हणाला.

जीआर म्हटलं की आई गप्प बसते. चाळीस वर्षांची सवय.

खोली फोंतेन्यास या पणजीतल्या जुन्या वस्तीजवळ मिळाली, एका जुन्या घराच्या माडीवर. लाकडी जिना, पंखा, ए.सी. नाही. मालकीणबाईंना सगळी आळी आंटी म्हणते, आम्हीही म्हणू लागलो. त्या कोकणी बोलायच्या, आई मराठी, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. मी पश्चिमेच्या खिडकीची खोली मागितली तेव्हा आंटींनी माझ्याकडं जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. मार्च महिना, पश्चिमेला खिडकी, म्हणजे भिंत संध्याकाळपर्यंत तापणार हे खरं. पण दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार वारा आत येतो. तो पश्चिमेकडूनच येतो. दुपारी दोननंतर खिडकीचा पडदा आडवा व्हायला लागला की आई म्हणायची, "आला तुझा ए.सी." रात्री हाच खेळ उलटा होतो. जमीन निवते, समुद्र ऊब धरून राहतो आणि पहाटे वारा गावाकडून पाण्याकडं जातो. त्या वेळी खिडकी उघडी ठेवून काही उपयोग नाही, डास तेवढे येतात.

आमच्या घरामागच्या रस्त्याचं नाव 31 जानेवारी. गावात दुसरा एक मोठा रस्ता आहे, 18 जून. आईला या तारखांनी पछाडलं. अठरा जून तिला ठाऊक होता. 1946 साली त्या दिवशी राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि गोव्याच्या मुक्तिलढ्यानं नवं वळण घेतलं. एकतीस जानेवारी मात्र पोर्तुगालची. 1891 मध्ये पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या उठावाची तारीख ती. पोर्तुगीज जाऊन साठ वर्षं उलटली तरी त्यांचा फसलेला उठाव इथं एका बोळवजा रस्त्याच्या पाटीवर टिकून आहे. त्या रस्त्यावर सकाळी दहानंतर रंगीत भिंतींना टेकून फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. कुणाच्या घराची पायरी आहे याचं भान बऱ्याच जणांना नसतं, आणि "इथं फोटो काढू नये" अशी पाटी दारावर लावायची वेळ रहिवाशांवर येते. सात वाजता तिथं गेलं तर फक्त मांजरं असतात आणि झाडांना पाणी घालणारी माणसं.

आणि पोदेर, म्हणजे पाववाला, असतो. सायकलच्या मागं टोपलं, त्यावर निळं प्लास्टिक आणि रबरी फुग्याचा भोंगा. पों-पों ऐकू आलं की वरून पिशव्या खाली येतात. पोळी नावाचा एक भुस्सा लावलेला गोल पाव तो विकतो. आईला त्याच्या नावाचंच हसू यायचं, पण दुसऱ्या सकाळपासून जिन्यात सगळ्यात आधी तीच उभी. भट्टी मध्यरात्रीनंतर कधीतरी पेटलेली असते, म्हणून तो पाव सकाळी ऊन ऊन मिळतो. साडेसातनंतर पोदेर पुढच्या वाड्यावर गेलेला असतो, आणि मग तुम्हाला कॅफेत बसून, मेनूकार्ड वाचून, तोच पाव लोण्यासकट पाचपट पैशांत खावा लागतो. आंटींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "निजपाचे पयशे." झोपायचे पैसे. आईनं ते वहीत लिहून घेतलं.

खरी न्याहारी मात्र भाजी-पावाची. पणजीत येऊन भाजी-पाव न खाता हॉटेलच्या बुफेत कापलेलं कलिंगड खाणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. कॅफे भोसले, कॅफे ताटो ही जुनी नावं, आणि त्यांच्याखेरीज बाजारात किती तरी. संगमरवरी किंवा सनमायक्याचं टेबल, त्यावर आधीच कुणीतरी बसलेलं, आपण उरलेल्या खुर्चीत बसायचं. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची किंवा चण्याची, खोबऱ्याच्या रसातली. सुकी म्हणजे बटाट्याची. मिक्स मागितली तर वाटीत बटाटा आणि वर पातळ रस्सा. शेजारी मिरचीचं भजं, नाहीतर केळं घातलेला गोडसर बन. पोऱ्या पाठ केल्यासारखं सगळं एका दमात म्हणतो आणि तुम्ही "काय काय?" म्हणेपर्यंत दुसऱ्या टेबलावर गेलेला असतो. दोघींचं पोटभर झालं तरी बिल बघून आई दोनदा विचारायची, "चहा धरला का त्यांनी?" रश्श्यात तिखट असं काही नाही हे तिचं कोल्हापुरी मत तिनं पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगितलं. समोर बसलेले गृहस्थ, बहुधा कुठल्याशा खात्यातले, मान वर न करता म्हणाले, "तिखट जाय जाल्यार मिर्ची घेयात." तिनं घेतली. अकरा वाजले की मात्र भाजी संपत येते आणि पोऱ्या नुसता "ना" म्हणतो. त्या "ना"शी वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

जेवणाचंही तेच. साडेबारा ते अडीच. उकड्या तांदळाचा भात, नारळाची कढी, तळलेला बांगडा, सुक्या सुंगटांची किसमूर, एखादी भाजी, सोलकढी. ज्या खानावळीबाहेर एक वाजता स्कूटरी लागतात आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं घाईनं आत शिरतात, ती खानावळ. नावाची पाटी वाचायचीच नाही. अडीचनंतर तिथं फडकं मारलेलं टेबल आणि उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. तोवर अर्धं गावच बंद झालेलं असतं. दुकानांची शटरं खाली, औषधाच्या दुकानाबाहेर चारला उघडेल अशी पाटी. या दुपारच्या झोपेवर बाहेरचे लोक विनोद करतात. त्यांनी मार्चमधल्या पणजीत दुपारी दोन वाजता आझाद मैदानापासून चर्चपर्यंत चालून दाखवावं, ते पांढरे जिने चढावेत आणि मग विनोद करावा.

ती दोन-तीन तासांची भगभग कुठं काढायची हा स्वस्तातल्या प्रवासाचा खरा प्रश्न. पैसेवाल्याकडं हॉटेलचा पोहण्याचा तलाव असतो. आम्हाला पाटोचं ग्रंथालय सापडलं. कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, 1832 साली सुरू झालेली संस्था आता नव्या मोठ्या इमारतीत आहे, आणि तिला नाव दिलंय सोळाव्या शतकात मराठीत कृष्णकथा रचणाऱ्या गोमंतकीय कवीचं. आत वाचायला बसलं तर कुणी हटकत नाही. आई मराठी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन बसायची आणि गावोगावच्या देवळांच्या जत्रेत होणाऱ्या मराठी नाटकांच्या जाहिराती वाचून मला कोपरानं ढोसायची. "बघ, यांच्याकडं अजून गावातली माणसं नाटक बसवतात. आपल्याकडं डीजे." मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या निळ्या-पांढऱ्या फरशाही आम्ही अशाच एका दुपारी पाहिल्या. 1935 साली जॉर्ज कोलासो या चित्रकारानं रंगवलेल्या त्या फरशांवर वास्को द गामाच्या सफरीचे प्रसंग आहेत, पोर्तुगालच्या महाकवीनं वर्णिलेले. गार दालन, फुकट प्रवेश. आई गामासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हा बघ, तिकीट न काढता आलेला." जुन्या गोव्याला खासगी बसनं गेलो, बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव असलेली पेटी लांबून पाहिली, परत आलो. तिथलं वर्णन सगळीकडं मिळतं. मला लक्षात राहिला तो वाटेतला सरळसोट बांध, पणजी ते रायबंदर, 1633-34 मध्ये दलदलीतून घातलेला. त्यावरून आजही बसा धावतात. खिडकीतून एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि कंडक्टर ओरडतोय, "फाटीं वचात, फाटीं!" मागं सरका.

बसांबद्दल एक सांगितलं पाहिजे. आईच्या गुडघ्यांना त्या बसांच्या पायऱ्या उंच पडायच्या, आणि दुपारच्या गर्दीत उभं राहावं लागलं की तिचा चेहरा उतरायचा. स्वस्त प्रवासाची वर्णनं करणारे बहुतेक जण पंचविशीतले असतात, त्यांच्या हिशेबात गुडघे नसतात. आमच्या हिशेबात होते, म्हणून पायलट. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, सरकारी परवान्याची, मागं एकच प्रवासी. सासष्ट वर्षांची माझी आई पातळाचा पदर खोचून एका अनोळखी माणसाच्या मागं बसली आणि मिरामारपर्यंत गेली. मी बसनं मागाहून पोचले. ती भाव ठरवून बसली होती, आणि उतरल्यावर त्या पायलटाची मुलं कितवीत आहेत हेही तिला ठाऊक होतं.

मिरामारचा किनारा पोहण्याचा नव्हे. तिथं मांडवी समुद्राला मिळते, पाणी गढूळ आणि ओढ फसवी. लाल झेंडा दिसला की पाण्यात उतरायचं नाही, झेंडा नसला तरी घोट्यापर्यंतच. पण संध्याकाळी पाचनंतर तिथं सगळं गाव येतं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीजवळ बाकावर म्हातारे, वाळूत फुटबॉल, सुरूच्या झाडांखाली डबे उघडून बसलेली कुटुंबं. ओहोटी असेल तर ओली घट्ट वाळू लांबवर मोकळी होते आणि चालायला मजा येते. भरती असेल तर सगळे वर सरकतात. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी पुढं जाते, त्यामुळं एक दिवस बघून ठेवलं की पुढचे दिवस बोटांवर मोजता येतात. आईनं मोजले. या किनाऱ्यावर कुणी खाट भाड्यानं देत नाही. कळंगुटला आम्ही एक दिवस गेलो तेव्हा खाटांच्या रांगा, रांगांमागं गाणी, गाण्यांमागं पुन्हा खाटा असा देखावा होता. लिंबू-सोडा मागवला तर खाटेवर टेकता येत होतं. त्या लिंबू-सोड्याची रक्कम वहीतल्या त्या रकान्यात आहे. शेवटच्या बसच्या धास्तीनं आम्ही सूर्यास्ताला पाठ करून स्टँडकडं निघालो. अंधार पडल्यावर तिथून परतायचं म्हणजे टॅक्सी, आणि गोव्यातली टॅक्सी म्हणजे आमचं दोन दिवसांचं जेवण.

सूर्यास्ताची भरपाई फेरीबोटीनं केली. पणजीच्या धक्क्यावरून समोरच्या बेतीला सरकारी फेरीबोट जाते. पायी माणसाला तिकीट नाही. गाड्या आधी चढतात, मग आपण, मग लोखंडी फळी वर आणि चार-पाच मिनिटांत पलीकडे. 1986 च्या जुलैत मांडवीवरचा पहिला पूल कोसळला तेव्हा उत्तर गोव्याची रोजची ये-जा या बोटींवर आली होती. आज शेजारी पूल उभे आहेत तरी बेतीची कोळीण, शाळेचं दप्तर, स्कूटर असा सगळा संसार अजून बोटीनं जातो. आम्ही रेईश मागूशच्या किल्ल्याला जायला एकदा बोट धरली, आणि मग आईला चटकच लागली. हा किल्ला 1551 मधला, पुढं तुरुंग झाला, 1993 पर्यंत तुरुंगच होता. दुरुस्तीनंतर 2012 मध्ये लोकांसाठी उघडला. तटावरून सगळी पणजी एका नजरेत येते. पण आईचा जीव बोटीत. संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही उगाचच बेतीला जायचो आणि उगाचच परत यायचो.

परतताना कॅसिनोच्या बोटी लागतात. दिवसा त्या रंग उडालेल्या, कंटाळलेल्या दिसतात, दिवे लागले की पाण्यावर जांभळा-गुलाबी तवंग पसरतो. आत जायलाच हजारो रुपये मोजावे लागतात. आंटींचा पुतण्या तिथं कधीकाळी नोकरी करायचा. त्यानं सांगितलं की आत घड्याळ लावत नाहीत, खिडक्या झाकलेल्या असतात, खेळणाऱ्याला रात्र किती झाली ते कळू नये म्हणून. आई हे ऐकून बराच वेळ त्या बोटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आपण सकाळपासून घड्याळावर पळतोय. तिथं पैसे देऊन घड्याळ काढून घेतात."

"जायचं का?" मी विचारलं.

"रांग बघ केवढी. आणि आपलं ऑम्लेट संपेल."

ते ऑम्लेट म्हणजे रस ऑम्लेट. दिवेलागणीनंतर गाडे लागतात, पातळशा ऑम्लेटवर शाकुतीचा गरम रस्सा ओततात, वर कांदा, लिंबू, सोबत पाव. आमचा गाडा ठरलेला होता. सातला लागायचा आणि रस्सा असेपर्यंत चालायचा. गाडेवाला तरुण, फार न बोलणारा. आई रोज त्याला विचारायची की मसाला घरी कोण करतं, आणि तो रोज "मांय" एवढंच सांगायचा. शेवटच्या शनिवारी बोट उशिरा सुटली आणि आम्ही पोचलो तेव्हा तो पातेलं विसळत होता.

"सोंपलें," तो म्हणाला.

"बरं, उद्या लवकर येतो," आई म्हणाली.

"फाल्यां आयतार. आयतारा ना. सोमारा यो."

सोमवारी सकाळची आमची एस.टी. होती. आईनं तिकीट पर्समधून बाहेर काढलं, त्यावरची वेळ पाहिली आणि मला म्हणाली, "दुपारची गाडी नसते का गं?"

"असली तरी हा सातला लागतो, आई."

"मग रात्रीची बघ."